पटवारी कुठं झोपणार, बाई?

बाई, तुझी तेरवी आटोपली, पत्रावळी उचलल्या, पाहुणे दुपारच्या बसने गेले, आणि घरात पहिलं भांडण झालं ते कुत्र्यावरून. ऐकून तुला बरं वाटेल. माणूस गेलं की घरोघरी वावरावरून भांडतात, पितळी भांड्यांवरून भांडतात, काहीच नसलं तर गेलेल्या बाईच्या लुगड्यांवरून भांडतात. आम्ही भांडलो पटवारीवरून. तू पाळलेला, तू नाव ठेवलेला आणि तूच जन्मभर उंबऱ्याबाहेर ठेवलेला तो पिवळा कुत्रा आता आत झोपणार की बाहेर?

तुझा प्रमोद म्हणाला, "मावशी, आता त्याले आतच घेऊन टाक."

माझी सून म्हणाली, "लेकरू रांगून राह्यलं भाऊजी, आत कुठी घेता?"

तुझे दीर, म्हणजे माझे मालक, म्हणाले, "मले जेवू द्या."

आणि मग तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. साहजिकच आहे. "कुत्रा आत" या पक्षाची या घरात मी एकटीच पुढारी, एकटीच कार्यकर्ती आणि एकटीच मतदार. आता विरोधी पक्ष सरणावर गेला होता. मी नुसतं तोंड उघडलं असतं तरी जिंकले असते. मी तोंड उघडलं नाही. मी, बाई! तू असतीस तर कपाळाला हात लावून पाहिला असतास, "रंजे, ताप तं नाई ना वो?"

म्हणून तुलाच लिहायला बसले. भांडण आपल्या दोघींचं होतं. ते अर्ध्यावर टाकून, निरोप न घेता निघून जाणं तुला शोभलं नाही.

आपण सख्ख्या बहिणी आणि सख्ख्या जावा. तू आधी या घरात आलीस आणि मग धाकट्या दिरासाठी मला घेऊन आलीस, बाजारातून कोंबडी आणावी तशी, पंख उचलून, वजन पाहून. लोकांना वाटायचं, काय नशीब आहे पोरीचं, सासरी सख्खी बहीण! त्यांना काय माहीत. तू बहीण म्हणून हरायला लागलीस की पटकन जाऊ व्हायचीस. जाऊ म्हणून हरायला लागलीस की डोळ्यांत पाणी आणून बहीण व्हायचीस. मी एकटी आणि समोर तुम्ही दोघी. त्यात तुझे मालक, माझे भाऊजी, लवकर गेले, आणि घराचा कारभार पूर्ण तुझ्या हातात आला. मग तर बोलायलाच नको.

एक आंगण, दोन दारं, एक तुझं, एक माझं, आणि दोन्ही दारांपुढे एकच लांब, समोरून उघडी सपरी. मागे भाजीची, कोंबड्यांची वाडी, वाडीच्या मागे तलावाची उंच मातीची पाळ आणि पाळीच्या पलीकडे जंगल. बाहेरगावचे लोक विचारतात, जंगल किती दूर आहे? आपल्याकडे ते दूर नसतं. दिवसा ते पाळीपलीकडे असतं आणि दिवेलागणीला वाडीत येतं. घर चालतं तलावावर. आंगणात मासळी वाळत घातली की कावळे, मांजरं, मुंगूस, सगळ्यांचे डोळे तिच्यावर. त्यामुळे कुत्रा लागतोच. तेवढं आपलं दोघींचं एकमत होतं. पुढचं सगळं भांडण.

तुझा कायदा सोपा होता: कुत्रं उंबऱ्याच्या आत पाय ठेवणार नाही. त्याला मासळीची डोकी मिळतील, भाताची पेज मिळेल, थंडीत पोतं मिळेल, पण ते सगळं सपरीत. मी नवी सून असताना काळ्या होता. थंडीत तो माझ्या दाराच्या फटीला नाक लावून झोपायचा, आणि आतून मला त्याचा गरम श्वास पायाला लागायचा. मी म्हटलं, "बाई, एवढुसा कोपरा दे त्याले. चुलीमागं."

तू म्हणालीस, "आज चुलीमागं, उद्या चुलीपुढं, परवा चुलीवर."

त्याच थंडीत बिबट्याने काळ्याला सपरीतून नेलं. दोर दाताने तोडल्यासारखा तुटला होता, आणि पोतं तसंच गरम होतं. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तू माझ्यापुढे भाकर ठेवलीस आणि म्हणालीस, "कुत्रं बाहेर होतं म्हणून कुत्रं गेलं. समजलं का वो?" मला समजलं नाही. मला वाटलं, तू माझ्या बाजूने बोलते आहेस. केवढी मूर्ख होते मी! त्या वाक्याचा अर्थ कळायला मला फार वर्षं लागली.

मग जंगलखात्याचा तो नवा गार्ड आला होता, आठवतं? चेहऱ्यावर अजून मिसरूड फुटत होतं बिचाऱ्याच्या. सगळ्या बायांना समाजमंदिरात बसवून त्याने सांगितलं, कुत्री बाहेर बांधू नका, बिबट गावात येतो तो कुत्र्यासाठीच येतो. मी तुझ्याकडे असं बघितलं की जणू तो माझ्या माहेरचा माणूस. तू शांतपणे उभी राहिलीस.

"भाऊ, एक विचारू का? तुमच्या चौकीवर एक लाल कुत्रं हाये ना?"

"हो, आहे."

"ते कुठी झोपते जी?"

बिचारा खरं बोलणारा निघाला. म्हणाला, "बाहेर." बाया इतक्या हसल्या की त्याला पुढचं सांगताच आलं नाही. येताना रस्ताभर तू गप्प होतीस, पण तुझी पाठ हसत होती, बाई. मी मागून चालत होते, मला दिसत होतं.

दुसरा कुत्रा आणला तेव्हा मी तडजोड काढली. मेंढपाळांच्या कुत्र्यांना असतो तसा खिळ्यांचा पट्टा. बिबट मान धरतो, मान धरायला गेला की तोंडात खिळे. लोहाराकडून मी स्वतः करून आणला. तू पट्टा हातात घेऊन वजन पाहिलंस आणि म्हणालीस, "हे कुत्र्याले घालाचं का बैलाले?" पण विरोध केला नाहीस. तो पट्टा घालून त्या कुत्र्याने काय काय केलं! वाळत घातलेली माझी नवी साडी उभी फाडली. तुझ्या दिरांच्या जाळ्यात अडकला आणि अख्खं जाळं ओढत तलावापर्यंत गेला. प्रेमाने कोणाच्या मांडीवर डोकं ठेवलं की तो माणूस ओरडत उठायचा. एका महिन्यात घरातलं एकही माणूस त्याला जवळ घेईना. अख्ख्या गावात एवढा एकटा कुत्रा दुसरा नव्हता. आणि बिबट्याने त्याला मागच्या पायाला धरून नेलं. पट्टा पाळीवर सापडला. एक खिळासुद्धा वाकला नव्हता.

तो पट्टा तू माझ्यापुढे आणून टाकला नाहीस. माझ्यासमोर त्याचं नावही कधी काढलं नाहीस. तुझ्यासारख्या बाईने असला मोका सोडून द्यावा, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. हे तुझ्या उपकारांत लिहून ठेवते. यादी फार मोठी नाही, म्हणून प्रत्येक उपकार नीट लिहिते.

मग पटवारी. पिल्लू असताना पहिल्याच सकाळी तो आंगणाच्या कडेकडेने चालत गेला, एकेका कोपऱ्यावर थांबून पाय वर करत. तू म्हणालीस, "पाहा वो, मोजणी करून राह्यला." झालं नाव. पुढे खरे पटवारी घरी आले, बाजेवर बसून चहा पिऊ लागले, आणि तू आतून ओरडलीस, "पटवारी, हाड! उठ बाजेवरून!" ते कप घेऊन उभेच राहिले. आपण दोघी आत पदर तोंडात कोंबून जमिनीवर बसलो होतो. बाई, तुझ्याबरोबर हसण्यासारखं दुसरं सुख मला या घरात मिळालं नाही. म्हणूनच बाकीच्याचा राग जास्त येतो.

माजरीची गोष्ट तर मी मेल्यावरही विसरणार नाही. माजरीला, प्रमोदच्या कोळसा खाणीच्या क्वार्टरवर गेलो होतो, नातवाच्या वाढदिवसाला. तिथे त्याच्या बायकोने पाळलेलं ते पांढरं, केसाळ, उशीएवढं कुत्रं. दुपारी मी जेवण करून खोलीत गेले तर तू पलंगावर आडवी, वर पंखा गरगरतोय, आणि ते कुत्रं तुझ्या पायाशी. नाही, पायाशी नाही, तू पाय आखडून त्याला जागा करून दिली होतीस!

मी दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिले. "बाई, पलंगावर कुत्रं हाये."

तू डोळे न उघडता म्हणालीस, "हे कुत्रं नोहे."

"मंग काय होय? सासू होय का तुई?"

"हे शोभेचं हाये. कुत्रं आपल्या घरी हाये."

"अन् त्यानं काऊन बाहेर झोपाचं?"

"इथी बिबट नाई."

मी म्हटलं, काल तर प्रमोद सांगत होता, खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यावर वाघ बसलेला असतो म्हणून. तेव्हा तू एक डोळा उघडलास. "दुसऱ्या मजल्यावर येते का थो? जिना चढून?" आणि पुन्हा मिटलास. मी इतकी चिडले की त्या शोभेच्या कुत्र्याला उचलून खाली ठेवलं. ते लगेच पुन्हा वर चढलं आणि तुझ्या पोटऱ्यांना टेकून झोपलं. तू हललीससुद्धा नाहीस.

मला वाटलं, आता पकडली तुला. आता घरी गेल्यावर पटवारी आत. बसमध्ये मी भाषणाची तयारी करत होते. घरी आलो, पटवारी धावत आला, तुझ्या पायात लोळला, आणि तू उंबऱ्यात उभी राहून बोटाने त्याला जागा दाखवलीस. बाहेरची.

मग मागच्या वर्षी, माझी नात जन्मली त्या थंडीत, तू मला खरं कारण सांगितलंस. आपण सपरीत उन्हात वालाच्या शेंगा सोलत होतो. सून बाळंतपणाहून नुकतीच आली होती, आणि लेकरू सुपात झोपलं होतं. मी पुन्हा सुरू केलं होतं: आता लेकरू आलं, कुत्रा आत पाहिजे, राखण करेल. तू शेंगा सोलत राहिलीस. मग म्हणालीस, "रंजे, तुले वाटते, मी कुत्रं राखणीले ठेवतो?"

"मंग कशाले?"

"त्याच्यासाठी." आणि मानेने जंगलाकडे दाखवलंस. "थो येतेच. तू कडी लाव, दिवा लाव, फटाके फोड. आल्यावर त्याले काहीतरी लागते. सपरीत कुत्रं भेटलं, तं घेऊन जाईल. नाई भेटलं, तं दारं पाहील. दारामागं कोन हाये?"

मी सुपाकडे पाहिलं. तू पाहिलं नाहीस. "अन् आत घेतलं, तं कुत्र्यामागं थो आत येते. मंग कोनाकोनाले वाचवशीन? आपला वाटा आपण बाहेर ठेवाचा. थो नेते अन् जाते."

वाटा! पटवारीच्या तोंडासमोर बोललीस हे. तो तुझ्या पायावर हनुवटी ठेवून पडला होता आणि तू बोलता बोलता त्याच्या कानामागची गोचीड काढत होतीस. मी तुला काय काय म्हणाले त्या दिवशी! कसाई म्हणाले. म्हणाले, ज्याच्या हाताने पेज पितो त्याच हाताने तू त्याला वाढून ठेवतेस. तू ऐकून घेतलंस, गोचीड दगडाने चिरडलीस आणि म्हणालीस, "तुले चांगलं राहाचं हाये. राह्य. कोनालेतरी वाईट व्हा लागते."

मी शेंगांचं टोपलं तिथंच टाकून उठले. त्यानंतर आपण कुत्र्याबद्दल बोललो नाही. हे आपलं शेवटचं भांडण, आणि ते मी तुला कसाई म्हणून संपवलं. तूही काही ते मिटवायला आली नाहीस, बाई. माजरीच्या कुत्र्याला पाय आखडून जागा दिलीस, मला दिली नाहीस.

आता त्या संध्याकाळचं.

नियम तुझा होता. काळ्या गेल्यापासूनचा. अंधार पडताना कुत्रं एकसारखं भुंकलं तर दार उघडायचं नाही. कडी लावायची, लेकरं आतल्या खोलीत न्यायची आणि आतून थाळ्या वाजवायच्या. थोडंफार असं सगळं गाव करतं, पण तुझ्याइतकं शिस्तीत कोणी नाही. माझ्या सुनेच्या अंगाची हळद उतरायच्या आधी तू तिच्या हातात थाळी आणि लाटणं दिलं होतंस. "वाजवून दाखव." तिने लाजत लाजत वाजवलं. तू म्हणालीस, "आरती नाई करून राह्यलो बाई, बिबट हाकलून राह्यलो. जोरात."

धान कापून झालं होतं, दिवस लवकर बुडत होता. तू घरात दिवा लावलास आणि वाडीत कोंबड्या कोंडायला गेलीस. हे आम्हाला माहीत नव्हतं. तुझे दीर तलावावर होते. मी भात उतरवत होते, सून लेकराला भरवत होती. पटवारी भुंकायला लागला. आधी वाडीकडून. मग धावत आमच्या दाराशी आला. मग पुन्हा वाडीकडे, पुन्हा दाराशी.

सून म्हणाली, "आई, आला वाटते."

मी विचारलं, "बाई कुठी हाये?"

तिने खिडकीतून पाहिलं. "घरात हायेत. दिवा जळून राह्यला."

आम्ही कडी लावली आणि थाळ्या घेतल्या. फार छान वाजवल्या, बाई. तुला अभिमान वाटला असता. आमचं ऐकून शेजारच्यांनी वाजवल्या, त्यांचं ऐकून पलीकडच्यांनी. अख्खी ओळ वाजत होती. पटवारी दार खरवडत होता. मी म्हटलं, "त्याले आत घेऊ का?" सुनेने लेकराला छातीशी धरलं. "बाईनं सांगतलं हाये, त्याच्यामागं थो आत येते." कडीवर ठेवलेला हात मी काढून घेतला.

मग तो एकदम गप्प झाला. सून म्हणाली, "नेलं."

आणि आम्ही दोघी खाली बसून रडलो. कुत्र्यासाठी. मी तुझ्या नावाने बोटं मोडली, मोठमोठ्याने, की घे, झालं तुझ्या मनासारखं, गेला तुझा वाटा. मी हे बोलत होते तेव्हा तू आमच्या भिंतीपलीकडे खुराड्याजवळ पडली होतीस.

तुझे दीर जाळं खांद्यावर टाकून पाळीवरून उतरले तेव्हा त्यांना आधी कोंबड्या दिसल्या, अर्ध्या आत, अर्ध्या फांद्यांवर. मग बॅटरीच्या उजेडात पटवारी दिसला, तुझ्या डोक्याशी बसलेला. बिबट त्या दिवशी आलाच नव्हता. आजूबाजूला त्याचं एकही पाऊल नव्हतं. तुझे डोळे उघडे होते. तोंड वाकडं झालं होतं, एक हात थंड होता. गाडी मिळाली, गडचिरोलीला नेलं, आणि सकाळ व्हायच्या आत तू गेलीस. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्त उतरलं. मी विचारलं, लवकर आणलं असतं तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही." एवढं ऐकून मी घरी आले. अजून तेच ऐकू येतं.

एक गोष्ट मला तुला विचारायची आहे, आणि तू उत्तर देणार नाहीस. तू पडल्यापडल्या आमच्या थाळ्या ऐकत होतीस का? मला तुझा स्वभाव माहीत आहे. ऐकल्या असतील तर तू मनात एवढंच म्हणाली असशील, "आता बरोबर वाजवून राह्यल्या." या विचाराने मला हसू येतं आणि मग बराच वेळ मला कोणाचं तोंड बघवत नाही.

मी एकटीच भांडत बसते हल्ली. चुलीशी, तलावावर, कपडे धुताना. माझं म्हणणं असं, बाई: घरात राहणाऱ्या कुत्र्याचं भुंकणं माणसाला ओळखू येतं. भूक लागली तर तो वेगळा बोलतो, पाहुणा आला तर वेगळा, लेकरू पडलं तर वेगळा. प्रमोदची बायको स्वयंपाकघरातून सांगते, "दूधवाला आला," आणि खरंच आलेला असतो. पटवारीला आपण बाहेर ठेवलं आणि त्याच्या सगळ्या भुंकण्याला एकच अर्थ लावला. बिबट. तो त्या दिवशी सांगत होता, चल, बाई पडली, चल. येऊन सांगत होता, जाऊन पाहत होता, पुन्हा येऊन सांगत होता. बिबट दिसलेला कुत्रा कधी त्याच्याकडे परत धावत जातो का? एवढंसुद्धा आमच्या डोक्यात आलं नाही. तुझ्या कायद्याने आम्हाला बहिरं करून ठेवलं होतं. आणि तो कायदा उलटला तो तुझ्यावरच. म्हणायला पाहिजे की बरं झालं. तुला कसाई म्हणणारी मी आहे ना, मग म्हणायला पाहिजे. म्हणवत नाही.

आणि तू काय म्हणशील तेही मला माहीत आहे. तू म्हणशील, "आत असता तं माझ्यापाशी कोन बसलं असतं वो?"

प्रत्येक वेळी भांडण इथपर्यंत येतं आणि मी धुणं पिळायला लागते.

तेरवीच्या सकाळी हातपंपाच्या चिखलात बिबट्याचे ठसे होते. ताजे. पाणी भरायला गेलेल्या बाया घागरी तिथेच ठेवून परत आल्या. दुपारी भांडण झालं ते त्यामुळे. प्रमोद म्हणाला, मावशी, आत घेत नसशील तर मी याला माजरीला नेतो. मी पटवारीला दुसऱ्या मजल्यावर डोळ्यांसमोर आणलं. बिचारा काय मोजणार तिथे? गॅलरीचे दोन कोपरे. तो चार दिवसांत मरेल. सून म्हणाली, "आई, तुमी काऊन बोलत नाई? इतके वर्षं तं बोलत होत्या."

लेकरू बाजेखालून निघून सपरीकडे रांगत चाललं होतं. दार उघडं होतं. पलीकडे आंगण, वाडी आणि पाळ. आणि बाई, त्या वेळी मला कळलं की इतकी वर्षं मी चांगली होते ती तुझ्या जिवावर. मी "आत, आत" म्हणू शकत होते, कारण "बाहेर" म्हणायला तू होतीस. मी कुत्र्यासाठी रडायचे, आणि माझ्या नातीसाठी जे करायचं ते तू करायचीस. त्याचे शापही तूच घ्यायचीस, तेही माझ्याच तोंडून. बाई, हे तू मला सांगायला पाहिजे होतंस. निदान एकदा उलटून मारायला पाहिजे होतंस.

मी लेकराला उचललं आणि म्हटलं, "बाहेर."

प्रमोदला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "मावशी, तू म्हणून राह्यली?"

"मी म्हणून राह्यलो. सपरीत झोपन थो. जसा झोपत होता तसाच."

तुझे दीर जेवता जेवता थांबले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे असं पाहिलं की जणू माझ्या जागी तूच बसली आहेस. मला स्वतःची शिसारी आली. ती अजून गेलेली नाही आणि जाऊ नये. तुझीही गेली नसेल, आता वाटतं. तू ती गोचीड चिरडताना दगड जरा जास्तच जोराने मारला होतास.

"पण एक सांगून ठेवतो," मी म्हटलं. "थो भुंकला का दार उघडाचं. तुमाले भेव लागते तं तुमी आत राहा. मी उघडन."

सून म्हणाली, "अन् बिबट असला तं?"

"तं बिबट दिसन मले."

तुझा अर्धा कायदा ठेवला, अर्धा मोडला. तुला दोन्ही आवडणार नाही.

काल दिवेलागणीला पटवारी भुंकला. आधी वाडीकडून, मग दाराशी. सुनेने लेकराला घेऊन आतली खोली गाठली. तुझे दीर म्हणाले, "थांब, मी येतो," पण त्यांची चप्पल सापडेना. मी कडी काढली. आंगणात तो एकटाच उभा होता. दार उघडलेलं पाहून तो भुंकायचा थांबला. त्याच्या उभ्या आयुष्यात त्याच्या भुंकण्यावर दार कधी उघडलं नव्हतं.

मी विचारलं, "काय झालं रे?"

तो वळला. वाडीकडे थोडा चालला, थांबला, मी येते का ते मागे वळून पाहिलं, पुन्हा चालला. मी बॅटरी घेऊन त्याच्यामागे गेले. खुराड्याजवळ, तू पडली होतीस त्या जागी, तो जाऊन उभा राहिला आणि माझ्याकडे पाहू लागला.

तिथं कोणी नव्हतं, बाई.